नवीन विश्वासणाऱ्यांना प्रार्थना करायला कसं शिकवता? अनुभव सांगा

मोहरीचा_दाणा

जय ख्रिस्त सगळ्यांना. बरेच दिवस विचारायचं होतं, आज निवांत वेळ मिळाला म्हणून लिहितेय, थोडं लांबेल.

आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी घरगुती प्रार्थना सभा असते, हडपसरच्या बाजूला. दहा-बारा जणं येतात, चटया टाकून बसतो, दोन गाणी, बायबलमधलं एक वचन, मग प्रार्थना, मग चहा. अलीकडे दोन नवीन जणं यायला लागलीत. एक मावशी आहेत, मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम करतात, वाचता येत नाही आणि घरात दुसरं कोणी विश्वासात नाही. दुसरा एक मुलगा, जालन्याकडचा, इथं कॉलेजला आहे, बायबल भराभरा वाचतो, प्रश्न असे विचारतो की आम्हालाच घरी जाऊन शोधावं लागतं.

अडचण शेवटी येते. गोल बसून एकेकानं मोठ्यानं प्रार्थना करायची अशी आमची पद्धत आहे, वर्षानुवर्षांची. मावशींचा नंबर जवळ यायला लागला की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागतात, डोळे मिटलेले असले तरी मला कळतं. मागच्या वेळी शेजारच्या ताईंचं आमेन झालं आणि मावशी पाणी आणायला म्हणून आत उठून गेल्या त्या सभा संपल्यावरच बाहेर आल्या. मुलाचं उलटं. तो न घाबरता प्रार्थना करतो पण ती सगळी आमच्या पाळकसाहेबांची (पास्टरांची) वाक्यं असतात, "हे परमपवित्र, सर्वसमर्थ, सैन्यांच्या परमेश्वरा" इथपासून ते शेवटपर्यंत, आवाजसुद्धा तसाच काढतो. त्याच्या वडिलांचं शेतीचं कर्ज आहे, त्याची परीक्षा आहे, हे तो चहा पिताना सांगतो. प्रार्थनेत ते कधीच येत नाही.

तर या दोघांना नेमकं काय शिकवायचं आणि कसं? पुस्तकी उत्तरं नकोत, तुमच्याकडे काय करता ते सांगा.

केडगावकडचा

ताई आधी ती पाळी बंद करा. मी हे कळकळीनं सांगतोय. गोल फिरणारी प्रार्थना जुन्या माणसांना सोयीची असते, नवीन माणसाला तोंडी परीक्षेसारखी होते, तो देवाशी बोलायचं सोडून आपला नंबर कधी येतो तेच मोजत बसतो.

आमच्याकडे आता असं सांगतो की ज्याला वाटेल त्यानं मोठ्यानं करा, ज्याला मनात करायची त्यानं मनात करा, आणि मधे कोणी बोललं नाही तरी चालेल, गप्प बसायचं, घाई करायची नाही. शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली "हे आमच्या स्वर्गातील पित्या", सगळे मिळून म्हणतो म्हणजे प्रत्येकाचा आवाज निदान त्यात तरी येतो. नवीन माणसाला सांगायचं की दुसऱ्याच्या प्रार्थनेला मनापासून आमेन म्हणालात तर ती तुमचीही प्रार्थना झाली.

आणि मावशींना बायबलमधल्या हन्नाची गोष्ट सांगा, १ शमुवेल १. मंदिरात बसून ती मनातल्या मनात बोलत होती, फक्त ओठ हलत होते, आवाज नाही. एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आलीय! याजकाला कळलं नाही पण देवानं ऐकलं. ज्यांना चारचौघांत बोलायची भीती वाटते त्यांना ही गोष्ट फार धीर देते, मी पाहिलंय.

वसईची_लेक

मी कॅथलिक आहे त्यामुळे माझं थोडं वेगळं वाटेल, पण बोलते.

तुम्ही नवीन माणसाला पहिल्याच दिवशी स्वतःचे शब्द शोधायला का लावता? आमच्याकडे मोठं झाल्यावर बाप्तिस्मा घेणाऱ्यांची बरेच महिने तयारी चालते, आणि उपवासकाळात, बाप्तिस्म्याच्या थोडं आधी, प्रभूची प्रार्थना त्यांच्या हवाली करायचा वेगळा विधीच असतो. म्हणजे चर्च त्यांना सांगतं की ही आता तुमची. ही पद्धत अगदी सुरुवातीच्या शतकांपासून चालत आलीय. मला ती फार आवडते कारण त्यात माणसाला हातात काहीतरी मिळतं.

माझी आजी शाळेत गेली नव्हती. रोज संध्याकाळी रोझरी, म्हणजे माळेवर म्हणायच्या ठरलेल्या प्रार्थना. गावाकडची बाई, तिला कोणी "तुझ्या शब्दांत प्रार्थना कर" म्हटलं असतं तर ती गोंधळली असती, पण माळेच्या प्रत्येक दहा मण्यांआधी ती कोणाचं तरी नाव घ्यायची, हे अमक्यासाठी, हे तमकीच्या बाळंतपणासाठी. ठरलेले शब्द आणि त्यात स्वतःची माणसं. दोन्ही एकत्र चालतं. मावशींना वाचता येत नाही म्हणता ना, मग पाठ करून द्या. पाठ केलेलं कुठंही सोबत येतं, पोळ्या लाटतानासुद्धा.

अग्नी_आणि_वारा

वरच्या प्रतिसादाबद्दल आदर ठेवून, मला हे पटत नाही. मत्तय ६:७ मध्ये प्रभूनं स्वतः सांगितलंय की परराष्ट्रीयांसारखी व्यर्थ बडबड करू नका, आपण पुष्कळ बोललो म्हणजे ऐकलं जाईल असं त्यांना वाटतं. आपले बरेचसे नवीन लोक अशा घरांतून येतात जिथं जप, पारायण हे सगळं होतंच. तेच पुन्हा वेगळ्या शब्दांत दिलं तर त्यांना नवीन काय मिळालं? त्यांना कळायला हवं की हा जिवंत देव आहे, बाप आहे, त्याच्याशी बोलता येतं.

आणि आपल्या मातीतलंच उदाहरण देतो. केडगावचं मुक्ती मिशन. १९०५ च्या सुरुवातीला पंडिता रमाबाईंनी विचारलं, रोज एकत्र प्रार्थनेला कोण कोण येईल, आणि साधारण सत्तर जणी पुढे आल्या. संख्या वाढत गेली आणि जूनमध्ये तिथं जे आत्मिक जागरण (रिव्हायव्हल) झालं त्यात शेकडो मुली एकाच वेळी मोठ्यानं प्रार्थना करायच्या, रडायच्या. त्या कोण होत्या? दुष्काळातून आणलेल्या मुली, बालविधवा. त्यांना कोणी वाक्यं लिहून दिली नव्हती. पवित्र आत्मा आला की शब्द येतात. नवीन माणसाला आत्म्यासाठी मागायला शिकवा, बाकी आपोआप होतं.

केडगावकडचा

@अग्नी_आणि_वारा, मुक्तीचं उदाहरण दिलंत, बरं वाटलं, आमच्या दारातलीच गोष्ट आहे. पण त्यातलं आधीचंही बघा ना. त्या मुली जूनमध्ये अचानक बोलायला लागल्या नाहीत, त्याआधी महिनोन्महिने रोज एकत्र बसत होत्या, रोज वचन ऐकत होत्या. आणि खुद्द रमाबाईंचं काय? बाप्तिस्मा १८८३ साली, इंग्लंडमध्ये, वाँटेजला. त्यानंतर कित्येक वर्षांनी त्यांना समजलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळायचा राहिलाय, हे त्यांनी स्वतःच आपल्या साक्षीत लिहिलंय. एवढी विदुषी, संस्कृत पंडिता, तिलाही वेळ लागला. मग मेसमधल्या मावशींनी दोन-तीन महिन्यांत घडाघडा प्रार्थना करावी ही अपेक्षा आपण का ठेवायची?

आणि व्यर्थ बडबडीबद्दल: ते वचन सांगून झाल्यावर लगेच दोन वचनांनी प्रभू काय करतो? शब्द देतो. "ह्यास्तव तुम्ही ह्या प्रकारे प्रार्थना करा." गेथशेमाने बागेत तिसऱ्यांदा गेला तेव्हा तेच शब्द पुन्हा बोलला, मत्तय २६:४४. वधस्तंभावर त्याच्या तोंडात काय आलं? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास," स्तोत्र २२. आणि शेवटी "तुझ्या हाती," स्तोत्र ३१. लहानपणापासून ऐकलेली, पाठ असलेली स्तोत्रं. मरणाच्या वेदनेत तेच कामाला आलं. म्हणून पाठांतराला मी तरी कमी म्हणणार नाही.

अग्नी_आणि_वारा

गेथशेमानेचा मुद्दा मान्य. पण पाठ म्हणून तिथंच थांबू नये एवढंच माझं म्हणणं.

केडगावकडचा

त्यावर आपलं एकमत आहे दादा.

नवं_पान

मी इथं फक्त वाचत असतो पण या धाग्यावर लिहावंसं वाटलं कारण तुम्ही सगळे ज्यांच्याबद्दल बोलताय त्यातलाच मी एक. माझा बाप्तिस्मा मागच्या ईस्टरला झाला. घर वारकरी आहे, आजोबांनी आयुष्यभर पंढरीची वारी केली, संध्याकाळी हरिपाठ असायचाच. त्यामुळे वर जे लिहिलंय की आम्हाला फक्त जप माहीत असतो ते जरा लागलं. आमच्या घरात देवाशी भांडणारे अभंगसुद्धा म्हटले जातात. देवाशी बोलता येतं हे मला ख्रिस्ती होण्याआधीपासून माहीत होतं. मला जे नवीन होतं ते म्हणजे तो मला आधीच ओळखतो आणि माझ्या चुकीसकट ओळखतो, त्याला खूश करायला मला काही आणायला लागत नाही.

तरी मला प्रार्थनेची खूप भीती वाटायची. चुकीचं बोललो तर? "येशूच्या नावानं" म्हणायचं विसरलो तर ती पोचते का? आधी स्तुती मग पापकबुली मग आभार मग मागणं हा क्रम कोणीतरी शिकवला होता, मी मागण्यापर्यंत पोचेपर्यंत काय मागायचं तेच विसरायचो. हसू नका, खरंच.

मला ज्यानं मोकळं केलं तो मंडळीतला (चर्चमधला) एक दादा, गॅरेजमध्ये काम करतो. तो प्रार्थना करायचा ती अशी: "बापा, आज जरा दमलोय. रागात त्या पोराला बोललो, माफ कर. उद्या त्याच्याशी नीट बोलायला मदत कर. येशूच्या नावानं, आमेन." संपलं! मला वाटलं एवढंच? एवढं तर मीही बोलू शकतो. मला कोणी शिकवलं म्हणाल तर त्यानं शिकवलं, आणि त्याला माहीतसुद्धा नाही. तेव्हा ताई त्या जालन्याच्या मुलाला काही समजावू नका, फक्त तुमच्यातल्या कोणीतरी त्याच्यासमोर छोटी, साधी प्रार्थना करा. तो जे ऐकतो तेच बोलतोय. त्याला फक्त पाळकसाहेब ऐकायला मिळतात.

अजून दोन गोष्टी, या कोणी सांगत नाही. पहिली, जागा. "आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे" हे वचन मला पाठ आहे पण आमचं घर दहा बाय बाराचं आहे आणि त्यात पाच माणसं. घरी अजून नीट पचलेलं नाहीये, मी डोळे मिटून बसलो की आई रडते. मग मी सकाळी बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे जातो, नाहीतर पीएमटीत खिडकीशी बसून डोळे उघडे ठेवून करतो. सुरुवातीला वाटायचं ही कमी दर्जाची प्रार्थना आहे. मग बायबलमधला नहेम्या वाचला. राजासमोर प्याला घेऊन उभा आहे, राजा विचारतो तुला काय पाहिजे, आणि उत्तर द्यायच्या आधी तो मनात देवाची प्रार्थना करतो. किती सेकंद मिळाले असतील त्याला?

दुसरी गोष्ट थोडी कडू आहे. मी एका जुन्या मंडळीत माझ्या बहिणीच्या लग्नाच्या अडचणीबद्दल प्रार्थनेची विनंती केली होती. दोन दिवसांत ती व्हॉट्सअॅप ग्रुपवर नावगावासकट फिरली, माझ्या बहिणीच्या कानावर आली. ती आजही माझ्याशी नीट बोलत नाही. नवीन माणूस प्रार्थनेसाठी काही सांगतो तेव्हा तो खूप धाडस करून सांगतो. ते तिथंच राहिलं पाहिजे. हे आधी जुन्यांना शिकवा.

मोहरीचा_दाणा

@नवं_पान भाऊ तुम्ही लिहिलंत म्हणून खूप बरं वाटलं. बहिणीसाठी प्रार्थना करते, नाव विचारत नाही. ग्रुपचा मुद्दा मी या शुक्रवारी सगळ्यांसमोर बोलणार आहे.

रात्रपाळीवाली

मी नर्स आहे, सरकारी दवाखान्यात. या धाग्यात एक विषय अजून आला नाही आणि तो आलाच पाहिजे. आपल्याकडे येणारे कितीतरी नवीन लोक आजारपणातून येतात. कोणीतरी प्रार्थना केली, बरं वाटलं, किंवा बरं वाटेल या आशेनं आले. मग त्यांच्या डोक्यात प्रार्थना म्हणजे बरं होण्याची मागणी एवढंच बसतं. आणि बरं नाही झालं की?

आमच्या वॉर्डात एक बाई आल्या होत्या, शुगर पार चारशेच्या पुढे, पायाला जखम. गोळ्या बंद केल्या होत्या कारण प्रार्थना सभेत कोणीतरी म्हणालं होतं विश्वास आहे ना, मग गोळ्या कशाला. त्यात पुन्हा त्यांनाच वाटत होतं की आपला विश्वास कमी पडला, देव रागावलाय. मी ड्रेसिंग करताना त्या माझी माफी मागत होत्या! माझी! मला इतका राग आला, त्यांचा नाही, ज्यांनी त्यांच्या डोक्यावर हे ओझं ठेवलं त्यांचा.

प्रेषित पौलाच्या हातून लोक बरे झाले हे आपण सांगतो. त्याच पौलानं २ तीमथ्य ४:२० मध्ये लिहिलंय की त्रफिमाला मी मिलेतात आजारी असाच सोडून आलो. तीमथ्याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घे म्हणाला, म्हणजे त्या काळचं औषधच. सोबत लूक, तो वैद्य. आणि स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी पौलानं तीन वेळा विनंती केली, काटा निघाला नाही, उत्तर मिळालं "माझी कृपा तुला पुरे आहे". हे नवीन माणसाला पहिल्या महिन्यातच सांगितलं पाहिजे, नंतर नाही. आजारासाठी प्रार्थना जरूर करा, मी रोज करते, प्रत्येक बेडपाशी मनात करते. पण सोबत सांगा की गोळी चुकवू नका, तारखेला दाखवायला जा, आणि बरं नाही वाटलं तर त्याचा अर्थ देवानं पाठ फिरवली असा नाही.

आणि त्यांना तक्रार करायला शिकवा. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे, सुरुवातच "किती काळ" अशी आहे, मला विसरलास का. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी काही गोड होत नाही. ते बायबलमध्ये कोणीतरी ठेवलंय ना? मग रडायला, विचारायला परवानगी आहे. त्या बाईंना मी १३ वाचून दाखवलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या, असं देवाला बोललेलं चालतं व्हय?

अग्नी_आणि_वारा

ताई, मी चंगाईवर, म्हणजे प्रार्थनेनं बरं होण्यावर, विश्वास ठेवणारा माणूस आहे आणि ठेवत राहीन. पण औषध बंद करायला सांगणं हे पाप आहे, हे मी आमच्या मंडळीतही उघड बोलतो. तुम्ही लिहिलंत ते योग्य आहे.

जुना_नगरवाला

उशिरा आलो, सगळं वाचलं, छान चर्चा चाललीय. मी आता निवृत्त, पण बरीच वर्षं मंडळीत बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे (कन्फर्मेशनचे) वर्ग घेतले, त्यातलं थोडं सांगतो.

मी सुरुवात नेहमी प्रभूच्या प्रार्थनेनं करतो, पण घाईघाईनं म्हणून टाकायची नाही. एक ओळ घ्यायची, थांबायचं, त्या ओळीत आपलं काय आहे ते बोलायचं, मग पुढची. ही युक्ती माझी नाही. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन लूथरचा एक न्हावी होता पेत्र नावाचा, विटेनबर्गात, त्यानं विचारलं की प्रार्थना कशी करू, तर लूथरनं १५३५ साली त्याला एक लांब पत्रच लिहिलं आणि ते छापलंसुद्धा. त्यात हेच सांगितलंय. एवढा मोठा विद्वान, न्हाव्याच्या प्रश्नाला बसून उत्तर लिहितो, मला ते नेहमी भावतं. आणि लिहितो कसं, तर म्हणे चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, इकडेतिकडे बघत गप्पा मारत बसला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, प्रार्थनेतही तसंच लक्ष हवं. समोरच्याच्या धंद्यातली गोष्ट घेऊन बोलला. पुढे असंही म्हणतो की एखाद्या ओळीवर मन भरून आलं तर बाकीच्या ओळी सोडून द्या, तिथंच थांबा आणि ऐका, पूर्ण करायची सक्ती नाही.

मावशींसोबत हे कसं करायचं ते सांगतो. सभेत नको. त्यांच्या सोयीच्या वेळेला एकट्या त्यांच्याजवळ बसा. तुम्ही म्हणा "हे आमच्या स्वर्गातील पित्या", त्यांना मागून म्हणू द्या. थांबा. विचारा, आज देवाला बाप म्हणताना कसं वाटतंय? काहींचे वडील दारू पिऊन मारणारे असतात, त्यांना ही ओळच जड जाते, तर तिथं घाई करू नका, पुष्कळ दिवस लागले तरी लागू देत. मग "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे". इथं प्रत्येकजण बोलतो! भाकरीवर बोलायला कोणाला शिकवावं लागत नाही. सिलिंडर, भाडं, पोराची फी, कामावरची मालकीण, सगळं या ओळीत येऊ द्या. मग "आमची ऋणे आम्हांस सोड". त्या जालन्याच्या मुलाला मी तर हीच ओळ देईन, ज्याच्या बापाच्या डोक्यावर कर्ज आहे त्याला ऋण सुटणं म्हणजे काय हे तुमच्याआमच्यापेक्षा जास्त कळेल. पण त्याच्यावर लादू नका, ओळ द्या आणि गप्प बसा.

गाण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. नारायण वामन टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, आमच्या नगरला राहिले, आणि त्यांनी अभंग, ओवी, कीर्तन काही सोडलं नाही, त्याच चालींत ख्रिस्ताची गाणी केली जी आपण उपासना संगीतातून आजही म्हणतो. त्याच्या कितीतरी आधी, १६१६ ला, फादर स्टीफन्सनी गोव्यात ख्रिस्तपुराण ओवीत लिहिलं ते नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांसाठीच. का? कारण लोकांच्या तोंडात जे बसलेलं असतं त्यातूनच ते मनापासून बोलतात. @नवं_पान, तुमच्या आजोबांच्या घरातून आलेली ती लय टाकू नका, ती तुमची ठेव आहे. आणि मावशींना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर विचारा. माझ्या वर्गात एका म्हाताऱ्या बाईंनी स्तोत्र २३ स्वतःच ओवीच्या चालीत बसवलं होतं, पाठ करून घ्यायची गरजच पडली नाही.

वसईची_लेक

आजोबा, फार सुंदर लिहिलंत. "बाप" या ओळीबद्दल तर कोणीच बोलत नाही.

मोहरीचा_दाणा

सगळ्यांचे मनापासून आभार. शुक्रवार होऊन गेला म्हणून काय झालं ते लिहिते.

पाळी बंद केली. दोन जुन्या लोकांना आवडलं नाही, एक काका म्हणाले अशानं पुढची पिढी गप्पच बसायला शिकेल. त्यांचं बोलणं अगदीच खोटं नाही, बघू पुढे. विनंत्या बाहेर न्यायच्या नाहीत हे मी स्पष्ट सांगितलं, आणि ग्रुपवर फक्त "कृपया प्रार्थना करा" एवढंच टाकायचं, नाव आणि तपशील नाही, हे ठरलं. यावर मात्र सगळे तयार झाले, वाटलं होतं त्यापेक्षा लवकर.

मी स्वतः मुद्दाम छोटी प्रार्थना केली, चार वाक्यं असतील. मुलानं त्या दिवशी मोठ्यानं केलीच नाही. निघताना चप्पल घालताना म्हणाला, ताई तुमची आज लवकर संपली, बरं आहे ना? मी म्हटलं हो, बोलायचं तेवढंच होतं. तो काहीतरी विचार करत गेला.

मावशींकडे रविवारी दुपारी गेले होते, मेस बंद असते तेव्हा. आजोबांनी सांगितलं तसं एकेक ओळ. पहिल्या दोन ओळींना त्या माझ्या मागून नुसतं म्हणाल्या. भाकरीच्या ओळीला थांबले तर बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं झालं. मग म्हणाल्या, "देवा, माझ्या हातनं रोज दोनशे-अडीचशे पोळ्या जात्यात, समदी पोरं जेवत्यात. माझा ल्योक मातुर कुठं जेवतो ते ठावं न्हाई. त्याला आज कुनीतरी जेवाय घाल." त्यांचा मुलगा घर सोडून गेलाय हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं, इतके महिने येतायत. त्यांना विचारूनच इथं लिहितेय, त्या म्हणाल्या लिव्ह, जास्त लोकं प्रार्थना करतील. पुढच्या ओळी आम्ही त्या दिवशी घेतल्याच नाहीत.

आता एक मदत हवी. मावशींच्या सुनेनं त्यांना जुना मोबाइल दिलाय, त्यात मी स्तोत्रं माझ्या आवाजात रेकॉर्ड करून टाकणार आहे, पोळ्या लाटताना ऐकायला. ऑडिओ बायबल आहे पण त्यातलं त्यांना भरभर वाटतं. कुठली पाच-सहा घेऊ?

रात्रपाळीवाली

१३ नक्की. आणि १३०, "मी खोल जागांतून तुझा धावा करतो". मुलाचं कळलं, मी रात्रपाळीला रोज घेते नाव न घेता.

केडगावकडचा

२३, १२१. १२१ प्रवासातल्या माणसासाठी आहे, "तुझे जाणेयेणे संभाळील", आईला मुलासाठी म्हणता येईल.

नवं_पान

१३९ घ्याच. "मी तुझ्या आत्म्यापासून कोठे जाऊ?" मुलगा कुठं आहे ते आईला माहीत नाही पण देवाला आहे. मोठं आहे, तर पहिली बारा वचनं घ्या.

जुना_नगरवाला

५१ पण द्या पण शेवटी, आधी ही सगळी ओळखीची होऊ देत. रेकॉर्ड करताना प्रत्येक वचनानंतर जागा सोडा, त्यांना मागून म्हणता येईल इतकी. आणि एका फाइलला एकच स्तोत्र ठेवा, वाचता येत नाही तर त्यांना मधलं शोधता येणार नाही.

अग्नी_आणि_वारा

ताई, माझी बायको सावकाश आणि स्पष्ट वाचते, गावाकडच्या बोलीचा बाज आहे तिला. चालत असेल तर १३ आणि १२१ ती रेकॉर्ड करून देईल, उद्या रात्रीपर्यंत पाठवतो. लिंक मेसेजमध्ये टाकू का?

मोहरीचा_दाणा

टाका दादा, नक्की. मी २३ आणि १३० करते, १३९ ला घरी कोणी नसेल तेव्हा बसावं लागेल, खाली रस्त्याचं काम चालू आहे.